अक्षरागणिक व्हय

पेणच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरची खोली एका क्लार्कच्या ताब्यात होती. चपला बाहेर काढायच्या. आत जाड पडदे आणि असा गारवा, की खाडीच्या तळाशी बसल्यासारखं वाटे. ते एकाच बोटाने टाइप करत आणि अक्षर उमटलं की हळूच "व्हय" म्हणत, जणू त्याची हजेरी घेतायत. सेव्ह करायला मात्र हमखास विसरत.

वर्गात मोठ्याने वाचताना मी अडखळायचे आणि पोरं हसायची. मी कॉलेज सोडणार, हे कळल्यावर त्या क्लार्कनी मला स्क्रीनसमोर बसवलं. "पुस्तक ठेव गो बाजूला. तुझ्या आयशीच्या मिठागराचं सांग."

मी घरच्या बोलीत सांगत गेले, ते एका बोटाने टाइप करत गेले. उन्हात पाण्यावर मिठाचे कण दिसू लागावेत, तशी काळ्या स्क्रीनवर हिरवी अक्षरं येत गेली.

"आता वाच."

माझेच शब्द होते. मी अडखळले नाही.

अर्ध्यावर वीज गेली. स्क्रीन विझली आणि लिहिलेलं सगळं गेलं. मी तरी वाचतच राहिले. त्या गार अंधारात माझ्या प्रत्येक वाक्यामागून हळूच येत होतं, "व्हय."