रघुवीरच्या गाडीतला फोर्क

परशराम आणि रघुवीरची ओळख मोटारसायकलच्या शोरूममध्ये झाली. दोघांनी एकाच दिवशी, एकाच कंपनीची, एकाच रंगाची गाडी घेतली होती. परशराम वडगावच्या विणकराचा मुलगा. साड्यांचे गठ्ठे पोचवायला त्याला गाडी हवी होती. रघुवीर टिळकवाडीतला, पाटबंधारे खात्यात क्लार्क. त्यानं गाडी हौसेनं घेतली होती, पण चालवायला येत नव्हती. शोरूमच्या दारात तो चावी हातात धरून नुसताच उभा होता.

"घर कुठं तुमचं? मी पोचवतो की," परशराम म्हणाला. रघुवीरला मागं बसवून त्यानं गाडी टिळकवाडीत नेऊन लावली, चहा घेतला आणि चालत परत येऊन आपली गाडी घेऊन गेला. पुढं त्यानंच रघुवीरला गाडी शिकवली. रघुवीर लोकांना कौतुकानं सांगायचा, "माझी गाडी पहिल्यांदा परशानं चालवली."

पुढची तीस वर्षं त्यांचे रविवार या दोन गाड्यांभोवती गेले. टू-स्ट्रोक गाड्या, कंपनी मध्येच बंद पडलेली, त्यामुळं जमेल ते दोघं स्वतःच करायचे. गिअरच्या लिव्हरच्या आतले दात झिजले, लिव्हर शाफ्टवर गरगर फिरायला लागली की पत्र्याची बारीक पट्टी आत घालून आवळायची. आतली स्प्रिंग थकली, दाबलेली लिव्हर परत वर येईना, की नवी शोधून बसवायची. इंजिन खोलायचं काम निघालं तर शहापुरात भरमू मिस्त्री होता.

पण झिजायची ती परशरामचीच गाडी. मागं साड्यांचं ओझं, रस्ता संकेश्वर-निपाणीचा, आणि मध्ये वंटमुरीचा घाट. रघुवीर मात्र ऑफिसला आणि भाजीला जायचा, गिअर टाकायचा तो झोपलेल्या मुलाला उचलावं तसा. परशरामला कधीकधी त्याचा हेवा वाटायचा, आणि तो तसं बोलूनही दाखवायचा.

एकदा निपाणीहून येताना संकेश्वरच्या हॉटेलात चहा पीत रघुवीर म्हणाला, "आता पार्ट मिळायचे नाहीत, परशा. असं करू. ज्याची गाडी आधी बसेल, तिचे पार्ट दुसऱ्यानं काढून घ्यायचे."

"म्हणजे माझी खोलणार तू," परशराम हसला.

"बघू की."

परशरामची गाडी सेकंड गिअर सोडायला लागली, तेव्हा रघुवीर नुकताच रिटायर झाला होता. चढावर जरा रेस दिली की गिअर आपोआप सुटायचा, इंजिन मोकळं होऊन किंचाळायचं आणि गाडी जागीच दबायची. मागून ट्रक असला की गाडी कडेला घ्यावी लागायची. परशराम डाव्या पायानं लिव्हर वर उचलून धरायचा आणि तसाच सगळा घाट चढायचा. रात्री पोटरीत वांब यायचे.

भरमूनं इंजिन खोललं. आतला एक दोन बोटांचा लोखंडी तुकडा काढून त्यानं परशरामच्या तळहातावर ठेवला. "ह्यो फोर्क. गिअर सरकवायचं काम ह्याचं. बघा आण्णा, एक बोट झिजून पातळ झालंय. नवा घालाय पायजे."

नवा कुठं होता? कोल्हापूरला पाहिला, हुबळीला माणसाकरवी विचारून घेतलं, भंगारवाल्यांची पोती उलथी केली. एकानं दिला तो दुसऱ्याच मॉडेलचा निघाला. शेवटी भरमूनं जुन्यावर पितळ चढवून घासून बसवला. गणपतीपर्यंत टिकला.

त्याच गणपतीत रघुवीरला अर्धांगाचा झटका आला. डावा हात, डावा पाय गेला, जीभ जड झाली.

परशराम रोज जायचा. रघुवीरला उठवून बसवायचा, त्याची दाढी करायचा, त्याच्या बायकोला, लतिकावहिनींना, औषधं आणून द्यायचा. ही माया खोटी नव्हती. पण बाहेर पोर्चमध्ये रघुवीरची गाडी ताडपत्रीखाली उभी होती, आणि येता-जाता परशरामची नजर तिच्यावर जायचीच.

शेवटी एका दुपारी त्यानं विचारलं. "रघू, तुझी गाडी हाय तशीच हाय बघ. माझा फोर्क परत गेलाय. तेवढा एक काढून घिऊ का? बाकीच्याला हात लावत न्हाय."

रघुवीरनं मान वळवून पोर्चकडं पाहिलं. मग एकेक शब्द ओढत म्हणाला, "गाडी... बसलेली नाही परशा. मी बसलोय."

परशराम ओशाळून हसला. "बरं बरं. र्‍हाऊ दे."

पुढच्या महिन्यात लतिकावहिनी म्हणाल्या, "भावजी, गाडी नुसती उभी राहून खराब होईल. हे रोज विचारतात. भरमूकडून तेवढी साफ करून आणाल का?"

परशराम गाडी घेऊन शहापुरात गेला. स्वतःची गाडी तिथं होतीच. दोन्ही शेजारी उभ्या बघून भरमू म्हणाला, "काय करायचं हिचं?"

"खोल. फोर्क काढून माझ्यात घाल. माझा हिच्यात."

भरमूनं पाना खाली ठेवला. "सायबांनी सांगितलंय न्हवं?"

"व्हय," परशराम म्हणाला.

डॉक्टरांनीच सांगितलं होतं की रघुवीर आता गाडीवर बसणार नाही. उभ्या गाडीला चांगला फोर्क काय आणि झिजका काय? परशरामनं स्वतःची अशी समजूत घातली. पहिल्या खेपेला तो साड्या घेऊन वंटमुरीचा घाट चढला तेव्हा डावा पाय सैल सोडून बसला होता. गाडी एकदाही दबली नाही. त्या दिवशी त्याला बरं वाटलं, अगदी निवांत वाटलं.

रघुवीर मात्र हट्टी निघाला. वर्षभरात तो काठी घेऊन पोर्चपर्यंत यायला लागला. डाव्या पायानं गिअर टाकता येणार नव्हता, म्हणून त्यानं मुलीला, चिन्मयीला धरलं. ती कॉलेजात शिकवायची, गाड्यांची तिला मुळीच आवड नव्हती. बापासाठी शिकली. "मला मागं बसवून एकदा काँग्रेस रोडनं फिरवून आण. मग विक हवी तर," तो म्हणायचा.

फर्स्टमध्ये गाडी नीट निघायची. सेकंड टाकून रेस दिली की गिअर सुटायचा आणि इंजिन किंचाळायचं.

"अर्धवट टाकतेस तू!" रघुवीर फाटकातून ओरडायचा. "पूर्ण उचल लिव्हर! मन नाही तुझं त्यात!"

"बाबा, मी पूर्ण टाकते, तोच सुटतो."

"तीस वर्षं माझ्या पायाखाली कधी सुटला नाही. परशा, सांग तिला."

परशराम पायरीवर चहाचा कप घेऊन बसला होता. चिन्मयी त्याच्याकडं बघत होती. "हळूहळू जमंल की," तो म्हणाला आणि कपात बघू लागला.

असं पुन्हा पुन्हा घडलं. एका संध्याकाळी वळणावर गिअर सुटला, चिन्मयी गडबडली आणि गाडीसकट पडली. कोपर सोलवटलं. रघुवीरनं गल्लीतल्या लोकांदेखत तिला "निष्काळजी" म्हटलं. ती आत गेली ती जेवायलाही बाहेर आली नाही. परशराम गाडी उभी करून, मातीचे डाग पुसून घरी निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चिन्मयी एकटीच गाडी ढकलत भरमूकडं गेली. भरमूनं विचारात न पडता सांगून टाकलं, "सुटणारच की ताई. आण्णांचा झिजका फोर्क हिच्यातच घातलाय न्हवं. सायबांनीच सांगितलंतं म्हणं."

त्या संध्याकाळी परशराम गेला तेव्हा रघुवीर खुर्चीत बसला होता. लतिकावहिनी आणि चिन्मयी आत होत्या. चहा आला नाही.

"मागितलास तेव्हा मी दिला नाही. ते खरं," रघुवीर म्हणाला. आता त्याची जीभ बरीच सुटली होती. "नेलास. तेही मी गिळलं असतं. पण पोरीला मी इतकं बोललो, परशा. आणि तू इथं, या पायरीवर, चहा पीत होतास."

"रघू, चुकलं माझं. उद्याच्या उद्या परत बसवतो."

"बसव किंवा नको बसवू. इथं येऊ नकोस."

परशरामनं दुसऱ्याच दिवशी, भरमूकडंच राहिलेल्या रघुवीरच्या गाडीत, फोर्क परत बसवून घेतला. भरमूनं मान वर न करता काम उरकलं. परशराम गाडी टिळकवाडीत घेऊन गेला तेव्हा लतिकावहिनींनी फाटकातच चावी घेतली आणि कडी लावली. चिन्मयी त्या गाडीवर पुन्हा बसली नाही. बापानं दोनदा माफी मागितली, एकदा तर हात जोडले. "राहू दे बाबा," एवढंच ती म्हणाली. तिनं बिनगिअरची स्कूटर घेतली. त्या स्कूटरवर मागं बसायला रघुवीर तयार नव्हता. उन्हाळ्यात रघुवीरची गाडी भंगारात गेली, फोर्कसकट, अख्खीच्या अख्खी. परशरामला ते भरमूकडून कळलं.

परशरामच्या गाडीत झिजका फोर्क परत आला, ती घाट चढेना; आता साड्यांचे गठ्ठे तो बसनं नेतो. संकेश्वरला उतरून दुकानापर्यंत डोक्यावर घेतो, तिथून पुढं निपाणीची बस धरतो.

गेल्या दिवाळीत त्यानं स्वतःच्या मागावर एक साडी मुद्दाम विणली, जांभळी, बारीक काठाची, आणि शेजारच्या माणसाकरवी लतिकावहिनींना पाठवली. दुसऱ्या दिवशी सकाळी चिन्मयी स्कूटरवरून वडगावात आली. उतरली नाही. पिशवी त्याच्या हातात देऊन म्हणाली, "आईला नको आहे, काका."

"बाबा कसं हाईत?"

"बरे आहेत."

ती वळून गेली. परशराम पिशवी घेऊन थोडा वेळ दारात उभा राहिला. मग आत येऊन त्यानं साडीची घडी तपासली आणि निपाणीला न्यायच्या गठ्ठ्यात घातली.