गाडी बांधावरच

आमच्या कारखान्याची जीप आप्पांनी बावीस वर्षं चालवली, पण एक दिवाळी सोडली तर ती कुठल्याही कामगाराच्या दारापर्यंत कधी नेली नाही. घर दिसायला लागलं की एक-दोन वावरं अलीकडेच, बांधाशी, ते इंजिन बंद करायचे. मग डोक्यावरची टोपी नीट करायची आणि उरलेली वाट पायी चालायची. भांडगावच्या त्या कारखान्यात मी कामगारांचं बघणारी अधिकारी म्हणून नवी लागले, तेव्हा पहिल्याच फेरीत मला या सवयीचा राग आला. पुढं सगळी नांगरट आणि माझ्या पायात पुण्याहून आणलेल्या सँडल. मी म्हटलं, "आप्पा, रस्ता तर थेट दारापर्यंत दिसतोय."

"रस्ता हाय की," आप्पा म्हणाले. "पर आपून कोन आन् कशापायी आलो, ते त्येंला लांबनं दिसू द्यावं."

यामागची गोष्ट मला पुष्कळ नंतर कळली. एका दिवाळीला साहेबांनी एका चांगल्या कामगाराच्या घरी पेढे पाठवले होते. आप्पांनी हौसेनं जीप अंगणात नेऊन उभी केली. दारात कंपनीची गाडी बघताच कामगाराची म्हातारी मटकन खाली बसली आणि पोराच्या नावानं हंबरडा फोडला. पोरगं कामावर धडधाकट होतं, पण ते तिला पटेपर्यंत सगळी वस्ती गोळा झाली. "पेढं कुनी तोंडात घातलं न्हाईत बघा," आप्पा सांगायचे. "गाडी दारात आली म्हंजी बातमी वाईटच, आसं गरिबाला ठावं असतं."

आप्पा राहूचे. घरी थोडा ऊस, दोन म्हशी. बोलणं सावकाश, पण चिमटा काढायचा तर नेमका काढत. माझ्या पत्रांवर त्यांचा विशेष डोळा. मी लिहायला बसले की म्हणायचे, "मॅडमचं पेन लई पळतं. गाडीला तरी ब्रेक असतो."

ते किती खरं होतं ते मला सोमाच्या वेळी समजलं. सोमा ठाकर समाजातला. शिरूर तालुक्याच्या वरच्या टोकाला, कुकडीच्या अंगाला त्यांची वाडी. पत्रा दाबायच्या प्रेसवर काम करताना त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखाना, मलमपट्टी, पगारी रजा हे सगळं आम्ही नीट केलं. जखम भरल्यावर तो परत आला तेव्हा मी त्याला हलकं काम दिलं. गेटवर खुर्ची, डोक्यावर कॅप, येणाऱ्याजाणाऱ्याची पिशवी तपासायची. उन्हात उभं राहणं नाही की ओझं उचलणं नाही. आपण फार चांगलं केलं असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर मी त्याच्या आभाराची वाट बघत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी सोमा कॅप खुर्चीवर ठेवून निघून गेला तो आलाच नाही. फोन बंद. आठ दिवस वाट बघून मी नोटीस पाठवली, सोमवारपर्यंत हजर न झाल्यास नाव कमी करण्यात येईल. ऑफिसात जो तो म्हणाला, ही माणसं अशीच, मशिनला घाबरला असेल. मीही तसंच धरून चालले. आप्पा तेवढे म्हणाले, "कागद पुढं गेला आन् मानूस मागं ऱ्हायला. आता जाऊ या तरी."

शनिवारी गेलो. न्हावरा, शिरूर मागं टाकून वाडीच्या अलीकडं एका बाभळीखाली आप्पांनी जीप लावली. ऑक्टोबरचं ऊन चटचटत होतं. त्यांनी लांबूनच हाक दिली, "पाव्हनं हायत का घरात?" आणि कुणी बाहेर येईपर्यंत पाऊल पुढं टाकलं नाही.

सोमाच्या आईनं अंगणात गोणपाट अंथरलं. सोमा दाराशी उभा, डावा हात पाठीमागं. कोरा चहा आला. आप्पा शेळ्यांबद्दल बोलले, नदीच्या पाण्याबद्दल बोलले, कुठल्या डोहात मासा राहिलाय ते त्यांनी नीट विचारून घेतलं. नोकरीचा शब्द नाही. मी दोनदा घड्याळ बघितलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी हात पदराखाली घेतला.

तासाभरानं आईच बोलली. "पोराकडनं लई वंगाळ झालं. मामाची झोळी उघडून बघितली त्येनं."

मला काही उमगेना. मग सोमा खाली बघत म्हणाला, "मशिनला न्हाई भीत मी, मॅडम. बुधामामा ठेकेदाराकडं माल भरायला येतो. त्यो उभा, मी खुर्चीवर. आन् मी म्हनायचं, झोळी उघड. त्यानं गप उघडली. ठेचा-भाकर व्हती. त्येच्या खांद्यावर बसून मोठा झालो मी."

माझे कान तापले. कुणाला कशाची लाज वाटेल हे मी त्याला विचारलंच नव्हतं. खुर्ची दिली म्हणजे मान दिला, एवढाच माझा हिशेब. मी तिथंच म्हणाले, "चूक माझी आहे, सोमा. तू सोमवारी ये, दुसरं काम देते."

आप्पा उठले. "चूक तुमची, पर मान मामाचा. आधी तिकडं."

बुधामामाचं घर चार हातांवर. ते दोरी वळत बसले होते. मी हात जोडले, सगळं सांगितलं. मामांनी ऐकून घेतलं, आप्पांकडं बघितलं, आणि हसले. "बाई, तुमी आल्या, संपलं. पर त्याचं रगात सांडलंय तिथं. शुक्रवारी वाघबारस. वाघदेवाला निवद दावतो, मग शनिवारी मीच घेऊन येतो त्याला."

मी म्हणाले, "पण नोटिशीत सोमवार आहे."

"सोमवार कुनी लिवला?" आप्पांनी विचारलं.

मी लिहिला होता. सोमवारी मॅनेजरसाहेबांसमोर उभी राहून ती नोटीस मागं घेतली. माझ्या ऑफिसनं चुकीचं काम दिलं असं स्वतःच्या सहीनं लिहून दिलं. साहेब कुरकुरले, पण शनिवार मिळाला. मामा त्याला घेऊन आले. प्रेसपुढं नारळ फोडला, खोबरं सगळ्यांना वाटलं, साहेबांनाही. सोमाला मामांच्याच बाजूला, तयार माल तपासायच्या टेबलावर काम दिलं. आज तिथं त्याची नजर सगळ्यांत तेज आहे. दुखापत झालेल्या माणसाला कामावर घेताना आधी त्याच्या अंगणात बसायचं, हे आप्पांमुळं आमच्याकडं रीतच होऊन गेलं.

गेल्या महिन्यात आप्पा निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी त्यांना घरी सोडायचं ठरलं, तर स्टिअरिंग काही सोडेनात. मी शेजारी, सोमा आणि बुधामामा मागं, मामांच्या मांडीवर हारांची परडी. राहूच्या पुढं उसातून त्यांचं घर दिसलं आणि सवयीनं पाय ब्रेकवर गेला. जीप बांधाशी थांबली.

मामा मागून म्हणाले, "आज दारात घ्या, आप्पा. आज बातमी चांगली हाय."

आप्पांनी उपरण्यानं डोळे पुसले, गिअर टाकला आणि त्या पेढ्यांच्या दिवाळीनंतर पहिल्यांदा ती जीप एका अंगणात शिरली. आवाज ऐकून आप्पांच्या पत्नी, आमच्या काकू, म्हशीची धार टाकून धावत बाहेर आल्या. गाडी बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला, हात छातीवर गेला.

आप्पांनी घाईघाईनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"न्हाई, न्हाई," ते म्हणाले, "मीच हाय. घरी आलोय."