बाजूनं बोलायला एक माणूस

आमच्याकडं पैलवान कुस्तीला एकटा जात नाही. शेजारच्या गावची जत्रा का असेना, कपडे सांभाळायला एक, पाणी द्यायला एक आणि भांडायला अख्खं गाव. पाठ टेकली का नाही यावर वाद पेटला, की पैलवान बाजूला उभा आणि त्याची माणसं आखाड्यात. मी लासुर्ण्याचा इंद्रजित, उभी जवानी लाल मातीत घातली, पण माझी बाजू मला स्वतःला कधी मांडावी लागली नाही. आणि माझी भाची स्वरूपा गेल्या वर्षी देशाचं नाव पाठीवर घेऊन कोरियाला गेली, ती एकटी. सांगा आता.

पोरगी निरवांगीची. लहानपणी विहिरीत उतरली, की पायऱ्या सोडून दगडांच्या फटीत बोटं घालून वर यायची. तिची आई, म्हणजे माझी बहीण सिंधू, काठावरून ओरडून ओरडून थकली. पुढं बारामतीला कॉलेजात गेल्यावर स्वरूपाला कळलं, की या उद्योगाला जगात बोल्डरिंग म्हणतात आणि त्याच्या स्पर्धा असतात. दोर नाही, काही नाही. दोन-अडीच पुरुष उंचीची भिंत, तिच्यावर रंगीबेरंगी पकडी आणि खाली गादी. मग मी ट्रॅक्टर लिंबाखाली काढला आणि शेडमध्ये प्लायवूडची भिंत ठोकून दिली. माझी बायको रेश्मा म्हणाली, "ट्रॅक्टर पावसात आन् भाची शेडमधी. बरं चाललंय तुमचं." पण घाम पुसायला टॉवेल तीच नेऊन द्यायची.

कोरियाहून आल्यावर स्वरूपा आमच्याकडं जेवायला बसली आणि बाजाराला जाऊन आल्यासारखं सगळं सांगायला लागली. सगळ्यात वरच्या पकडीवर दोन्ही हात स्थिर राहिले, की चढाई पुरी. तिचे राहिले, असं तिला वाटलं. पंचांना वाटलं, दुसरा हात बसलाच नाही. तेवढी एक चढाई धरली असती, तर पोरगी उपांत्य फेरीत होती.

"मग बोलली का न्हाईस?" मी म्हणालो.

"खेळाडूनं बोलायचं नसतंय मामा. संघाच्या माणसानं लगीच लेखी द्यायचं, मग ते व्हिडिओ बघत्यात. बाकीच्यांचे कोच हुते. माझं कोण हुतं तितं?"

मी हातातला घास ताटात ठेवला. "पण हात बसला हुता का?"

"मला वाटतंय बसला हुता. पण चढताना नीट कळत न्हाय." ती ताटाकडं बघत म्हणाली, "रोज झोपताना त्योच हात दिसतोय."

दुसऱ्या आठवड्यात मी तिच्या खेळाच्या संघटनेच्या साहेबांना जाऊन भेटलो. माणूस वाईट नव्हता, चहा पाजला. म्हणाला, खेळाडू पाठवतोय हेच नशीब समजा, सोबत माणूस कुठून देऊ? मी म्हणालो, "साहेब, आमच्यात बैल बाजाराला न्यायचा तरी दोघं जात्यात." तो हसला. शेवटी एवढं ठरलं, की संघाचा माणूस म्हणून माझं नाव लावायचं, जायचं मात्र आपल्या जिवावर. मला लई राग आला. देशाचं काम मामानं का करायचं? तरी गेलो, कारण तो हात आता मलाही दिसायला लागला होता.

यंदा ऑस्ट्रियातल्या स्पर्धेत मी पोटावर न बसणारं संघाचं जाकीट घालून, स्वरूपाचं जाकीट हातावर घेऊन उभा राहिलो. तेवढं एक काम मला येत होतं. शेवटच्या भिंतीवर तिनं झेप घेतली, वरची पकड धरली, दुसरा हात लावला आणि खाली आली. पंचानं नाही म्हणून मान हलवली.

मग माझं डोकं फिरलं. आपल्या जत्रेत उतरावं तसा मी सरळ गादीवर उतरलो आणि पंचाला मराठीत सांगायला लागलो, की हात बसला हुता, मी बघितलाय. दोन धिप्पाड माणसं माझ्याकडं यायला निघाली.

"मामा," स्वरूपा हळूच म्हणाली, "गादीवरनं खाली उतरा. खिशातला तक्रारीचा कागद द्या त्यांला."

मी उतरलो, कागद दिला. त्यांनी व्हिडिओ लावला आणि मलाही दाखवला, सावकाश. बोटं पकडीला लागली आणि तिथनं सुटली. हात बसला नव्हता. मला स्वच्छ दिसलं, स्वरूपालाही दिसलं. उपांत्य फेरी यंदाही गेली.

मी बाकावर बसलो. तिचं जाकीट तिच्या अंगावर घातलं.

"माझाच हात निसटला मामा," ती म्हणाली.

"व्हय."

"आज झोप लागंल मला." तिनं चेन गळ्यापर्यंत ओढली. भिंतीकडं बघत ती म्हणाली, "कोरियातला हात मातर आता कधीच कळायचा न्हाय."