नोलीनचं बेशिस्त अंगण

नवरा गेल्यावर महिन्याभरात नोलीन ट्रॅस्कॉटने त्याची हिरवळ मारली. आमच्या गल्लीत या दोन मृत्यूंपैकी दुसऱ्याचीच चर्चा जास्त झाली.

ट्रेव्हरची हिरवळ होतीच तशी. ऑस्ट्रेलियातल्या आमच्या बेंडिगोच्या उन्हाळ्यात सगळ्यांची अंगणं तपकिरी पडत, त्याचं तेवढं हिरवंगार. नोलीनने त्यावर जुने पुठ्ठे अंथरले, पुठ्ठ्यांवर लाकडाच्या ढलप्या ओतल्या आणि गवत खालच्या खाली गुदमरून मेलं. केल्विन स्टब्ज, म्हणजे ट्रेव्हरचा जिवलग मित्र आणि तिचा पलीकडचा शेजारी, तिला जाब विचारायला गेला. ती म्हणाली, "आयुष्यभर सवत म्हणून सांभाळली तिला. आता पुरे."

नोलीनने उभा जन्म शाळेची बस चालवली होती, त्यामुळे गल्लीतली निम्मी माणसं तिचं ऐकत मोठी झाली होती. तिच्याशी वाद घालायला कोणी गेलं नाही. हळूहळू त्या जागी इथल्या रानातली झाडं उभी राहिली: बाभळीच्या जातीची, पिवळ्या फुलांची वॉटल, गुडघाभर वाढणारं कांगारू गवत आणि हात लावला की रक्त काढणारं हेकियाचं झुडूप. वाळक्या फांद्यांचा ढीगही तिने मुद्दाम ठेवला. एका पोकळ ओंडक्यात निळ्या जिभेचा जाडा सरडा राहायला आला. तो दिवसभर उन्हात पोट टेकून पडून असायचा. नोलीनच्या मते ट्रेव्हरची सुट्टी अशीच जायची, फक्त सरडा टीव्हीचा आवाज वाढवत नाही. येणाऱ्याजाणाऱ्याला मात्र वाटे की घर विकायला काढलंय आणि कोणी घेत नाही.

तिला खरी आस होती निळ्या पाखरांची. अंगठ्याएवढा जीव, शेपटी ताठ उभी, नराचं डोकं झगझगीत निळं. ती पाणी प्यायला यायची आणि मागच्या जंगलात निघून जायची. पाहुणे येणं वेगळं आणि बिऱ्हाड थाटणं वेगळं, असं नोलीन म्हणे. अशी सहा वर्षं गेली. अखेर एका सप्टेंबरात मादी चोचीत काडी धरून हेकियात शिरताना तिला दिसली आणि त्याच आठवड्यात खुब्याच्या ऑपरेशनची तारीख आली. याआधी दोनदा तिने ती पुढे ढकलली होती. डॉक्टरने या वेळी चांगलंच सुनावलं. जाताना तिने केल्विनला फाटकाची किल्ली दिली आणि पाखरांच्या भांड्यातलं पाणी तेवढं बदल म्हणून सांगितलं.

केल्विनने ती किल्ली म्हणजे बाईमाणसाने संकोचून दिलेली खूण मानली. आमच्याकडची रीत अशी की कोणी हॉस्पिटलात गेलं तर शेजाऱ्यांनी न विचारता त्याचं गवत कापायचं. विचारणं हा अपमान. ही तर हातात किल्ली देऊन केलेली विनंतीच झाली. शनिवारी मी कामावरून परतलो तेव्हा अख्खी गल्ली यंत्रं घेऊन तिच्या अंगणात जमली होती, चुलाण्यावर सॉसेज परतली जात होती आणि केल्विनच्या ट्रेलरवर हेकियाचा डोंगर झाला होता. त्याच्या हातापायांवर ओरखडेच ओरखडे होते आणि चेहऱ्यावर पुण्य.

केल्विनची बायको मर्ल नोलीनला हॉस्पिटलातून घेऊन आली. आम्ही सगळे फाटकाशी रांगेत उभे. नोलीन वॉकर टेकत उतरली, त्या सपाट मैदानाकडे तिने बराच वेळ पाहिलं.

"ट्रेव्हर परत आलाय का?" तिने विचारलं.

केल्विनला ते कौतुक वाटलं. "त्याला आवडलं असतं, नाही?"

"त्याला आवडलं असतं," ती म्हणाली. "म्हणून तर मी त्याला मूठमाती देईपर्यंत थांबले होते."

मग तिने पावात घातलेलं एक सॉसेज मागून घेतलं, उभ्यानेच खाल्लं आणि आत जाऊन अंगणाकडचे पडदे ओढले. ते पुढे कित्येक दिवस उघडले नाहीत. मर्ल रोज जेवण घेऊन जायची. दार उघडायचं, डबा आत जायचा, दार बंद. नोलीन भांडली असती तर केल्विनला सोसलं असतं. ती 'थँक यू' म्हणत होती.

त्यात केल्विनची पाठ धरली, त्या हेकियाच्या मुळ्या उपटून. त्याच्या अंगणातला ट्रेलर कचरा डेपोवर न्यायचा राहूनच गेला. डॉक्टरने त्याला दिवाणखान्यात जमिनीवर उताणं पडायला सांगितलं, आणि तिथून खिडकीतून ट्रेलरखेरीज काही दिसत नव्हतं. एका सकाळी त्याचा मला फोन आला. कुजबुजत म्हणाला, "इकडे ये. आणि फाटक आपटू नकोस."

ट्रेलरवरच्या वाळक्या हेकियात निळ्या पाखरांनी घरटं बांधलं होतं.

नोलीनला सांगायला केल्विन स्वतः गेला, कमरेत वाकून, मर्लच्या खांद्यावर हात टाकून. म्हणाला, गल्लीतली पोरं बोलावतो आणि ट्रेलर ढकलत आत्ता तुझ्या अंगणात आणून लावतो.

"हात लावशील तर बघ," नोलीन म्हणाली. "हलवलं की ती घरटं टाकतील. आणि ते तुझं गुरगुरणारं मशीनही बंद."

"माझं गवत?"

"वाढू दे, गाढवा. वाढायचं असतं त्याला."

तेव्हापासून ती रोज सकाळी चहाचा कप वॉकरच्या टोपलीत ठेवून केल्विनच्या व्हरांड्यात येऊ लागली. सहा वर्षं ज्यांची वाट पाहिली ती पाखरं तिला दुसऱ्याच्या घरी जाऊन बघावी लागत होती, आणि हे ती केल्विनला रोज ऐकवायची. केल्विनचं गवत घोट्याच्या वर गेलं, मग पोटरीला लागलं. गल्लीत हळहळ सुरू झाली की बिचारा आता उठत नाही.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका शनिवारी समोरचा डॅरिल, न विचारता, अर्थात, आपलं यंत्र ढकलत केल्विनच्या फाटकाशी आला. मागे दोघेतिघे, एकाच्या हातात सॉसेजची पिशवी.

केल्विन काठी घेऊन उठला. नोलीन वॉकर घेऊन उठली. दोघं फाटकात शेजारी शेजारी उभे राहिले.

"उपकार करू नकोस, डॅरिल," केल्विन म्हणाला.

"अरे, पण अंगणाची काय दशा झालीय."

"हो," नोलीन म्हणाली. "सॉसेज ठेवून जा."

पिल्लं ख्रिसमसच्या आधी उडाली. ट्रेलर अजून तिथेच आहे, कांगारू गवतात चाकं बुडालेला. केल्विनला सामान न्यायचं असलं की तो माझा ट्रेलर मागतो.