पुठ्ठ्यांतला बर्फ

गुळाच्या ढेपेवर अंगठा दाबायचा, मग मागं सरून भिंतीवरची पेन्सिलीची रेघ बघायची आणि म्हणायचं, "सावकाश. पण हलतंय."

आमच्या समोरच्या माडीवर राहणाऱ्या मास्तरांची ही रोजची सकाळ. लोक उठून देवाला हात जोडतात, हे गुळाला अंगठा लावत. खिडकीत ताटली, ताटलीत अर्धी ढेप, आणि ती किती बसली, किती पसरली याच्या खुणा भिंतीवर. सोलापूरचा उन्हाळा म्हणजे गुळाला दम निघत नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यासाठी कॉलेजात गणित शिकवणारा माणूस कशाला लागतो? मी असं तोंडावर विचारलं होतं. मला गोड बोलायला कधी जमलं नाही.

"अण्णा, दगडासारखं घट्ट दिसतं तेसुद्धा आपल्या वजनानं वाहतं, हे मला रोज बघावंसं वाटतं," ते म्हणाले.

माझी बायको मागून म्हणाली, "बगा की. पन मुंग्या लागतील, मास्तर. ताटली पान्याच्या परातीत ठेवा."

तेवढं गणित त्यांना सुचलं नव्हतं.

भवानी पेठेत मी चादरींचे पुठ्ठे ठोकायचो. तुम्ही चादर पांघरता, तिच्यावर मोर असतो. तो मोर मागाला कळावा म्हणून आधी पुठ्ठ्यांना भोकं पाडतात. भोक असेल तिथं दोरा उचलतो, नसेल तिथं उचलत नाही. एक पुठ्ठा म्हणजे एक ओळ. शेकडो पुठ्ठे एकामागे एक दोऱ्यानं ओवून माळ करायची, ती मागावर फिरते आणि मोर उतरतो. मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो, पण मोर डोळे मिटून ठोकत होतो.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष-दोन वर्षं झाली असतील. मास्तर एक लोखंडी हातयंत्र घेऊन माझ्याकडे आले. मुंबईच्या कुठल्याशा कचेरीनं मोडीत काढलेलं. त्याच्या दोन कळा अडकल्या होत्या.

"तुम्ही भोकं पाडता, मीही पाडतो," ते म्हणाले. "बघता का जरा?"

मी कळा सोडवल्या, तेल दिलं. मग विचारलं, "तुमची चादर कसली?"

त्यावर ते दोन तास बोलले. पृथ्वीच्या दोन टोकांना बर्फ आहे, काही ठिकाणी दोन-दोन मैल जाड. वरून बर्फ पडत राहतो, खालचा आपल्याच वजनानं कडेला सरकतो आणि समुद्रात तुटून पडतो. हे व्हायला हजारो वर्षं लागतात, कुणी बसून बघू शकत नाही. म्हणून कागदावर त्या बर्फाची चौकट-चौकट करायची. प्रत्येक चौकटीत किती पडला, चारी बाजूंना किती सरकला, हे सगळं पुठ्ठ्यांवर ठोकून मुंबईच्या काँप्युटरला द्यायचं. काँप्युटर तोच हिशेब पुन्हा पुन्हा करतो.

"एक फेरी म्हणजे शंभर वर्षं," ते म्हणाले.

"म्हणजे माळच फिरते की," मी म्हणालो.

माणूस उठून मला मिठी मारायचाच बाकी राहिला.

तेव्हापासून त्यांचा संध्याकाळचा चहा आमच्याकडे. बायको कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुढं करायची आणि छेडायची, "काय मास्तर, आज कुटवर आला तुमचा बर्फ?"

"आभाळाला लागला, वहिनी," ते कसनुसं हसत.

खरंच लागला होता. आधीच्या पाळीला काँप्युटरनं पंधरा फेऱ्यांत बर्फ असा वाढवला की मुंबईचे लोक हसले. मुंबईच्या ज्या संस्थेत तो काँप्युटर होता, तिथं यांना तो मिळायचा वर्षातून एकदा, तोही कुणाच्या तरी मेहेरबानीनं. आता शुक्रवारची पाळी होती, आणि हिशेब पुन्हा असाच उधळला तर इथून पुढं पाळी नाही, असं पत्रच आलं होतं. पाच वर्षांचं काम त्या एका शुक्रवारवर होतं.

त्या रविवारी त्यांच्या माडीला चुना लावायचा होता म्हणून पुठ्ठ्यांची पेटी ते आमच्याकडे ठेवून गेले. तीनशेच्या वर पुठ्ठे, सगळे सुटे. मला ते बघवेना. एकदा जिन्यावर त्यांच्या हातून सांडले होते, तेव्हा लावायला दिवस गेला होता. मुंबईच्या रेल्वेत गर्दी, कुणाचा धक्का लागला म्हणजे? मी मनाशी म्हटलं, बिचारा शिकलेला आहे पण त्याला धंदा माहीत नाही.

मी सुई घेतली, दोरा घेतला, प्रत्येक पुठ्ठ्याला दोन्ही टोकांना भोकं पाडली आणि अख्खी माळ ओवली. लाल दोऱ्यानं. फार सुबक झाली होती. मास्तर आले तेव्हा ती मी खुंटीला टांगून दाखवली.

ते खाली बसले. चेहरा चुन्यासारखा झाला.

"अण्णा," ते म्हणाले, "हे एकेक सुटे जातात यंत्रात. आणि प्रत्येक भोक वाचलं जातं. तुमचंसुद्धा."

शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांनी दिली नाही. मुंबईला नवीन ठोकून मिळतील का, मी विचारलं, तर म्हणाले तिथं महिन्याची रांग असते. मग दोघंही मान घालून बसलो.

बायको भाकरी थापत होती. हात तसेच पिठाचे घेऊन ती आली. "दोगं असं काय बसलाय सुतक असल्यावानी? कोरे पुठ्ठे हायती न्हवं?"

"आहेत, वहिनी. दोन पेट्या."

"मग मी भोकं बगून सांगते, ह्ये ठोकतील. मोर न्हाय का उतरवून काडत आमी? जुना पुठ्ठा फाटला की त्याच्यावरनं नवा. अवो, उटा. केलंय तुमीच, निस्तरा तुमीच."

ती शाळेत एक दिवस गेली नव्हती. पण मागावर लहानपण गेलेलं. पुठ्ठा उजेडात धरून, टोकांची माझी भोकं सोडून, ती सांगायची, "वरून दुसरं. आटवं. तिसरं आनि आटवं. रिकामं. रिकामं." मी कळ दाबायचो. त्यात लिहिलंय काय, हे आम्हाला दोघांनाही ठाऊक नव्हतं. मास्तर कॉलेजातून आले की ठोकलेला गठ्ठा तपासायचे. माझं दुकान चार दिवस बंद. शेजारी विचारायला लागले, कुणाची एवढी मोठी ऑर्डर? बायकोनं सांगितलं, "बर्फाची." लोक तिच्याकडे बघून गेले.

बुधवारी दुपारी ती अडली.

"ह्ये बरोबर न्हाय."

"तुला काय कळतंय त्यातलं? आहे ते सांग," मी खेकसलो.

"कळत न्हाय म्हनून तर दिसतंय. हे चार पुठ्ठे बगा, सख्ख्या भैनी हायती. तिघींना हितं वरून दुसरं भोक. चौथीला पयलं. मोराच्या तीन पिसाला डोळा हितं आन् चौथ्याला वर, असं असतंय व्हय?"

मास्तर आले. तिनं चारही पुठ्ठे त्यांच्यापुढं टाकले. त्यांनी उजेडात धरले, खाली ठेवले, पुन्हा धरले. वरून दुसरं भोक म्हणजे वजा, पहिलं म्हणजे अधिक. चारी बाजूंना सरकलेला बर्फ वजा करायचा, तर एका बाजूचा मिळवला जात होता. दर फेरीला. कागदावर त्यांनी बरोबर लिहिलं होतं. तो कागद त्यांनी शंभरदा तपासला होता. पुठ्ठा ठोकताना बोट घसरलं, आणि पुठ्ठा कुणी तपासलाच नव्हता.

"वहिनी," ते म्हणाले. तिनं चटणीची वाटी पुढं सारली.

गुरुवारी ते गाडीत बसले. पुठ्ठे सुटे, पण पेटी वरून मी सुतळीनं अशी बांधली होती की उघडायला मुंबईत कात्री शोधावी लागली म्हणे.

रविवारी परत आले ते तडक आमच्या घरात. काँप्युटरनं छापलेला जाड घडीचा कागद जमिनीवर सोडला. तो चुलीपासून उंबऱ्यापर्यंत गेला. सगळे आकडेच आकडे. मास्तर गुडघ्यावर रांगत दाखवत होते. इथं बर्फ वाढला, इथं थांबला, इथं वरून थोडी ऊब दिली तर कडेनं मागं हटायला लागला. शंभर फेऱ्या, दहा हजार वर्षं, आणि आभाळाला कुठंच लागला नाही.

बायको पदर आवरून कागदाच्या कडेनं चालत गेली. "एवडी वर्सं आमच्या घरात मावली?"

"मावली, वहिनी."

"आन् बर्फ?"

"सावकाश," ते म्हणाले आणि तिच्याकडे बघायला लागले.

"पन हलतंय," ती म्हणाली.

पाळी पुढंही मिळत राहिली. दोन-तीन वर्षांनी त्यांना त्या मुंबईच्या संस्थेतच घेतलं. जाताना हातयंत्र मला दिलं आणि तो चुकलेला चौथा पुठ्ठा, लाल दोरा लटकत असलेला, तिला. म्हणाले, हा तुमचा. ढेप मात्र ताटलीला अशी चिकटली होती की निघेना. नवीन भाडेकरूनं ताटलीसकट फेकली. काही वर्षं दिवाळीला पत्र यायचं, मग थांबलं. मी उत्तर धड लिहिलं नाही कधी, दोष माझा.

बायको जाऊन आठ महिने झाले. लोक म्हणतात, दिवस सरले की हलकं होतं. मला ते पहिल्या दिवसापासून खोटं वाटत आलं. घरात तिची एकेक वस्तू दगडासारखी बसून आहे.

परवा मिठाच्या बरणीमागं तो पुठ्ठा सापडला. दोऱ्याचा रंग गेलाय. मी तो खिडकीच्या गजात अडकवला आणि तिच्यासारखा वाचायला लागलो. वरून पहिलं. आठवं. रिकामं. ठोकणारं कुणी नव्हतं, तरी शेवटपर्यंत वाचला. खाली फरशीवर उन्हाचे बारीक ठिपके पडले होते, भोकं होती तसेच. मी पेन्सिल घेऊन एका ठिपक्यापाशी रेघ मारली आणि बसून राहिलो.

चहा घेऊन आलो तेव्हा ठिपका रेघेच्या बोटभर पुढं गेला होता.