ठोंबरे सरांनी माझ्या ओट्यावर केलेला उपवास

ठोंबरे सरांची आणि माझी पहिली भेट चौक गावात माझ्याच ओट्यावर झाली, आणि त्या भेटीत दुपार होईपर्यंत त्यांनी पाण्याचा थेंबही घेतला नाही. या अमृतमहोत्सवी ग्रंथात इतरांना सरांच्या पहिल्या भेटीतले शेंगदाण्याचे लाडू आठवतील. माझ्या वाट्याला उपवास आला. तो मी स्वकष्टानं मिळवला होता.

मी तेव्हा एक साप्ताहिक चालवत असे आणि शेवटच्या पानावर तालुक्यातल्या प्रतिष्ठितांची टिंगल करत असे. प्रतिष्ठित कमी पडले की साधी माणसं घेत असे. अशाच एका टंचाईच्या आठवड्यात सरांची पाळी आली. पळसदरीच्या भातशेतकऱ्याच्या घरचे, कर्जतला इंग्रजी शिकवणारे हे शिक्षक दर रविवारी शाळेच्या एका वर्गात हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या आयर्लंडातल्या कथा आणि कायदे मराठीत वाचून दाखवतात, एवढीच माझी माहिती. मी लिहिलं, आयर्लंडात कुणाच्या गाई कुणी पळवल्या हे यांना तोंडपाठ आहे, घरची म्हैस कोण पिळतं हे मात्र बायकोला विचारावं लागतं. ऐकायला येणाऱ्या आठ जणांना मी 'आयरिश गुराखी' अशी पदवी दिली. चौकच्या गॅरेजांतून तो मजकूर मोठ्यानं वाचला गेला. मला फार बरं वाटलं.

दहा-बारा दिवसांनी सर सकाळच्या एस.टी.नं आले. काखेत वही. त्यांनी नमस्कार केला, नाव सांगितलं आणि ते ओट्यावर बसले. माझ्या पत्नीनं, मालतीनं, चहा आणला, नको म्हणाले. पाणीही नको. मी भांडणाच्या तयारीत होतो, तर ते वही उघडून वाचत बसले. शेवटी मीच काम विचारलं. तुमच्या दारात उपवासाला बसलोय, असं त्यांनी शांतपणे सांगितलं आणि तुमचं चालू द्या म्हणाले.

मी आत जाऊन पोहे मागितले. मालतीनं पोह्यांवर झाकण ठेवलं.

"वडीलधारा माणूस दारात उपाशी, आणि तुम्हाला पोहे सुचतात? काय करून ठेवलंत, ते आधी सांगा."

सांगावं लागलं. दोन वाजेपर्यंत पोहे सुकले आणि मीही. बाहेर येऊन सरांसमोर बसलो. तेव्हा त्यांनी मला जुन्या आयर्लंडचा कायदा समजावला. मोठ्या माणसानं अन्याय केला तर साध्या माणसानं त्याच्या दारात उपाशी बसायचं. आत बसून जो निवांत जेवला, त्याची कायद्यापुढची पत गेली. मी म्हटलं, मी कुठला मोठा. सर म्हणाले, "तुमच्या हातात छापखाना आहे. तिकडे आयर्लंडात कवीच्या निंदेनं राजाच्या तोंडावर फोड येतात, अशी समजूत होती. म्हणून कायद्यानं कवीलाही बांधलं होतं."

मी पुढच्या अंकात माफी छापायची तयारी दाखवली.

"मला हसलात, त्याचं काही नाही. म्हशीचं तर खरंच आहे. पण माझे आठ जण यायचे थांबले. गेल्या रविवारी वर्गात मी आणि फळा, दोघंच."

त्या कायद्यात अन्यायी निंदा धुऊन काढायला स्तुती करता येत असे, हेही त्यांनी सांगितलं. मी लगेच कागद ओढला. सरांनी तो बाजूला सारला. भुकेल्या माणसाची स्तुती खोटी असते, आधी ऐकायला या, पटलं तर लिहा, म्हणाले. मात्र वचनाला जामीन हवा. दारातून मालती म्हणाली, "मी जामीन." मग सरांनी पाणी मागितलं, आणि आम्ही दोघांनी ते सुकलेले पोहे खाल्ले.

त्या आठांना परत आणायला मी घरोघर गेलो. पळसदरीचे हिरू नाना त्यांतले सर्वांत वयस्कर. "तुमीच आमाला गुराखी केलंत, आन तुमीच बोलवाय आलाव व्हय?" एवढं ऐकवून त्यांनी पायताण घातलं. त्या रविवारी सरांनी उपवासाचाच कायदा वाचला. नाना म्हणाले, "हे आपल्या धरन्यासारखंच हाय, सर. मंग ही मानसं लांबची नाय." सरांनी ते वाक्य तिथंच वहीच्या समासात नानांच्या नावानिशी उतरवलं.

तिकडचे मठातले लेखनिक पोथीच्या समासात थंडीची, वाईट शाईची तक्रार लिहून ठेवत, हे सरांचं आवडतं उदाहरण. पोथीला माणसाचा हात लागलेला दिसावा, असं ते म्हणतात. रेल्वेत नोकरीला असलेल्या एका आयरिश फोरमननं स्वातंत्र्यानंतर मायदेशी जाताना आपली पुस्तकांची पेटी सरांना दिली, तिथून ही विद्या सुरू झाली. व्याकरण आणि कोश घेऊन सर एकटे ती भाषा शिकले. अडलं की डब्लिनच्या प्राध्यापकांना पत्र घालत आणि महिना-महिना उत्तराची वाट पाहत. एवढी विद्वत्ता असून वर्गात एखादा शब्द हिरू नानांना समजला नाही, तर सर नानांना दोष देत नाहीत, शब्द बदलतात. ज्यांचे शब्द कुणालाच समजत नाहीत असे विद्वान मी पुष्कळ पाहिले. त्यांच्यावर माझी कित्येक पानं भरली.

त्या कायद्यांचं मराठी भाषांतर आज बहुतेक पुरं झालं आहे. पहिला भाग छपाईला जातो आहे. कवींच्या कायद्याचं प्रकरण पुरं व्हायचं राहिलं आहे. त्याच्या कच्च्या प्रतीत, अन्यायी निंदेच्या कलमाशेजारी, माझ्या त्या मजकुराचं कात्रण चिकटवलेलं आहे. खाली सरांच्या अक्षरात एकच शब्द: उदाहरण.

वीस वर्षं पहिल्या बाकावर बसून ऐकल्यावर, आणि पोटभर जेवून, मी ही स्तुती लिहितो आहे. जामीनदारानं मसुदा वाचला. "बरं आहे," मालती म्हणाली, "पण एवढ्यानं मी सुटत नाही." मलाही तसंच वाटतं. तेव्हा सरांना निरोगी दीर्घायुष्य लाभो, त्यांची नजर शाबूत राहो, आणि कवींचं प्रकरण त्यांनी सावकाश पुरं करावं. त्या कात्रणाशेजारी चिकटवायला हा लेख मी रविवारी घेऊन येतो आहे. समासात जागा ठेवावी.