जुळ्या गावाची पुस्तिका

पंधरा-वीस वर्षांपूर्वी जर्मनीत स्टुटगार्टजवळच्या एका गावात राहत असताना मला सगळ्यात जास्त वैताग होता तो जिन्याचा. दर आठवड्याला एका घराची पाळी. जिना झाडायचा, पुसायचा, वर दारापुढचा फुटपाथही. याला केअरवोखे म्हणतात. पाळी आली की दारावर लाकडी पाटी लटकायची. नवरा गाड्यांच्या सुट्या भागांच्या कंपनीत कंत्राटावर, सकाळीच एस-बान ही लोकल पकडून जायचा. मुलगी वर्षाची, दातांनी बेजार, आणि तिच्यापायी मी. पुण्यात कॉलेजात इंग्रजी शिकवणारी बाई इथे फडकी पिळत होती. बसल्या जागी डोळा लागायचा, इतकी मी दमलेली असे.

खालच्या मजल्यावर एक सत्तरीला टेकलेल्या आजी एकट्या राहत. मी जिना पुसला की त्या कठड्यावरून बोट फिरवून धूळ दाखवायच्या. मनातल्या मनात मी त्यांचा भरपूर उद्धार केलेला आहे. एक दिवस त्याच आजी एक पातळ पुस्तिका घेऊन वर आल्या. आमच्या गावाचं इंग्लंडमधल्या एका छोट्या गावाशी जुळ्याचं नातं, म्हणजे दोन गावांमधला मैत्रीचा करार होता, आणि उन्हाळ्यात इथून तिकडे एक बस जाणार होती. आजींनी जागा राखून ठेवली होती. पुस्तिका त्या गावाच्या इतिहासाची होती, पण इंग्रजीत. मी ती त्यांना जर्मनमध्ये सांगायची आणि माझ्या पाळीचा जिना त्यांनी पुसायचा, असा सौदा त्यांनीच मांडला. मी लगेच हो म्हटलं. धर्मादाय म्हणून नव्हे, जिन्यासाठी.

त्यांचं कारण वेगळं होतं. वडील घड्याळजी होते, दुसऱ्या महायुद्धात पकडले गेले आणि त्या इंग्लिश गावाजवळच्या छावणीत कैदी म्हणून राहिले. तिथेच तापाने गेले, असं आईने सांगितलं होतं. आजी तेव्हा आठ-नऊ वर्षांच्या. आता आईही नव्हती. वडिलांचं थडगं शोधून त्यावर फुलं ठेवायची, एवढंच त्यांना उरलं होतं.

दुपारी मुलगी झोपली की आम्ही बसायचो. लोकरीचा बाजार झाला, पुरात वाहून गेलेला पूल झाला, चर्चमध्ये घंटा वाजवणाऱ्यांची आपसात जुंपली आणि वर्षभर घंटाच वाजली नाही, तेही झालं. आजींना सगळ्यात रस. पूल लाकडी होता की दगडी, हे त्यांना कळायलाच हवं असे. माझं जर्मन भाजी-पावापुरतं, पण त्या न हसता दुरुस्त करत. मला त्या आवडू लागल्या होत्या, हे कबूल करायला हवं.

छावणीचं पान आलं त्याच्या आदल्या दोन रात्री मुलीने मला झोपू दिलं नव्हतं. मी ओळीमागून ओळ नुसती पुढे ढकलत होते. छावणीत एकही कैदी दगावला नाही. युद्ध संपल्यावर बहुतेक घरी परतले, तिघे आपखुशीने तिथेच राहिले. त्यांतल्या एकाने बाजारचौकात घड्याळदुरुस्तीचं दुकान काढलं, गावातल्याच मुलीशी लग्न केलं. दुकान आता त्याच्या दोन मुली चालवतात. एवढं सलग सांगता आलं म्हणून मी खूश होऊन वर पाहिलं, आणि मग मला कळलं मी काय वाचलं ते.

माझी आत्या शेजारणींना पत्रं वाचून दाखवायची. वाईट ओळ आली की ती खोकायची आणि पुढच्या ओळीवर जायची. मला तेवढंही सुचलं नाही. त्याची लाज मला अजून वाटते.

"पुन्हा वाचा," आजी म्हणाल्या. मी वाचलं. नाव दिलंय का, त्यांनी विचारलं. दिलं नव्हतं. आईला ठाऊक असणार, एवढंच त्या बोलल्या आणि पुस्तिका घेऊन खाली गेल्या.

बस निघायच्या आठवड्यात कळलं की त्यांनी जागा सोडली. मी खाली जाऊन समजूत घालायला लागले, की नाव नाही, दुसराच कुणी घड्याळजी असेल, निदान बघून तरी या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"थडगं असतं तर फुलं ठेवून आले असते," त्या म्हणाल्या. "त्या दोघींच्या दुकानात मी कोण म्हणून उभी राहू?"